आमच्या आमदारांचा कार्यअहवाल : कामांचा हिशेब चोख, मतांची पाने मात्र कोरी

पंधराव्या विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला आणि त्याला वर्ष पूर्ण होताना आमच्या मतदारसंघात आमदारांचा पहिल्या वर्षाचा कार्यअहवाल घरोघरी पोहोचला. हा पश्चिम महाराष्ट्रातील निमशहरी मतदारसंघ आहे. त्यात एक नगरपरिषद, एक औद्योगिक वसाहत आणि उरलेली सारी खेडी येतात. अहवालाची छापील पुस्तिका कार्यकर्त्यांनी दारोदार दिली. शिवाय दर महिन्याला व्हॉट्सॲपवर चार पानांचे वार्तापत्र येत असते. या दोहोंचे मिळून हे परीक्षण आहे. आमदारांचे आणि त्यांच्या पक्षाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आले की अहवाल बाजूला राहतो आणि पक्षांवरच वाद सुरू होतो.

लोकप्रतिनिधीने मतदारांना वेळोवेळी दिलेला हिशेब ही माझ्या मते रस्ता, पाणी आणि दवाखान्याइतकीच महत्त्वाची सेवा आहे. ती मिळते की नाही, वेळेवर मिळते की नाही आणि तिच्यातून आपल्याला हवे ते कळते की नाही, हे तपासून पाहण्याचा मतदाराला पूर्ण अधिकार आहे. आमच्याकडे पूर्वी असा अहवाल निवडणुकीच्या तोंडावरच निघायचा आणि त्यात छायाचित्रांखेरीज फारसे काही नसायचे. त्या तुलनेत हा अहवाल बराच पुढे गेला आहे. विकासकामांचा भाग उत्तम आहे, कार्यक्रमांचा भाग उपयोगी आहे, परंतु ज्या सभागृहात बसण्यासाठी आम्ही या गृहस्थांना निवडून दिले त्या सभागृहातील कामकाजाचा भाग तोकडा आहे आणि त्यांनी कोणत्या विधेयकावर काय मत दिले याविषयी एक ओळही नाही.

आधी कामांविषयी. पुस्तिकेची मधली बरीचशी पाने गावनिहाय तक्त्यांनी भरलेली आहेत. प्रत्येक कामापुढे कामाचे नाव, गाव किंवा प्रभाग, लेखाशीर्ष (पैसा सरकारी अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून आला ते), मंजूर रक्कम, अंमलबजावणी यंत्रणा आणि सद्यःस्थिती असे रकाने आहेत. यांतील शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. एखाद्या कामाचे अंदाजपत्रक तयार होते, त्याला प्रशासकीय मान्यता मिळते, मग तांत्रिक मान्यता मिळते, निविदा निघते, कार्यारंभ आदेश दिला जातो आणि त्यानंतर प्रत्यक्ष खडी पडते. या प्रवासाला कित्येकदा दोन-दोन वर्षे लागतात. चौकातल्या फलकांवर मात्र प्रशासकीय मान्यता मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी आभाराचे हार चढतात आणि पुढे काय झाले ते कोणी सांगत नाही. या अहवालात प्रत्येक काम नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे ते लिहिले आहे आणि जेथे काम अडले आहे तेथे अडल्याचेही लिहिले आहे.

एका वाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंतच्या रस्त्याची नोंद मी मुद्दाम तपासली, कारण तो रस्ता माझ्या रोजच्या वाटेवर आहे. तक्त्यात ‘डांबरीकरण पूर्ण, मोरीचे काम जागेच्या वादामुळे प्रलंबित’ असे म्हटले आहे, आणि वस्तुस्थिती तंतोतंत तशीच आहे. मोरीपर्यंत रस्ता गुळगुळीत आहे, मोरीपाशी तो तुटतो आणि पावसाळ्यात मुले चपला हातात घेऊन पाणी ओलांडतात. आपल्याच अहवालात अपुऱ्या कामाची अशी स्वच्छ नोंद करायला मनाचा मोठेपणा लागतो. वाद कोणत्या कार्यालयात अडला आहे तेही एका शब्दात लिहिले असते तर वाडीतल्या लोकांना पाठपुरावा करता आला असता, पण आहे ते मान्यच करायला हवे.

एका गोष्टीला मात्र माझी स्पष्ट हरकत आहे. मुखपृष्ठावर वर्षभरात आणलेल्या निधीचा एकच भलामोठा आकडा ठळक अक्षरांत छापला आहे आणि तो वाचून सामान्य वाचकाचा असा समज होतो की हा सर्व पैसा आमदारांच्या शिफारशीने आला. प्रत्यक्षात महाराष्ट्रात आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये आहे. उरलेल्या रकमेत जिल्हा वार्षिक योजनेतील कामे आहेत, ग्रामविकास विभागाच्या लेखाशीर्ष २५१५ मधील मूलभूत सुविधांची कामे आहेत, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अर्थसंकल्पात आलेले रस्ते आहेत आणि जलजीवन मिशनच्या पाणीयोजनाही आहेत, ज्यांत केंद्र व राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा असतो. या कामांसाठी आमदारांनी पत्रव्यवहार केला असेल, जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत आग्रह धरला असेल, मंत्रालयात खेटे घातले असतील. ते श्रेय त्यांना द्यावेच. परंतु जी योजना राज्यातल्या प्रत्येक तालुक्यात राबवली जात आहे तिची रक्कम आपल्या खात्यावर मांडली की हिशेब फुगतो. आतल्या तक्त्यांत लेखाशीर्षांचा रकाना असल्याने जिज्ञासू वाचक बेरीज वेगळी करू शकतो. तीच बेरीज मुखपृष्ठावर वेगवेगळी दिली असती तर आमदारांच्या पदरात काही कमी पडले नसते.

कार्यक्रमांच्या भागाविषयी थोडक्यात. गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार, नोकरी मेळावा, भजनी मंडळांना साहित्य, हळदीकुंकू, कुस्त्यांचे मैदान या सगळ्याची छायाचित्रे आहेत आणि ती असायला हरकत नाही. लोकांना आपले चेहरे छापील पानावर पाहायला आवडतात आणि गावाच्या सुखदुःखात प्रतिनिधीने दिसावे ही आपल्याकडची रास्त अपेक्षा आहे. खरा उपयोग मासिक वार्तापत्राचा झाला. त्यात होऊन गेलेल्या कार्यक्रमांबरोबरच पुढच्या महिन्यातल्या शिबिरांची तारीख, ठिकाण आणि सोबत आणायची कागदपत्रे दिलेली असतात. दाखल्यांच्या शिबिराची सूचना अशी होती की उत्पन्नाच्या दाखल्यासाठी काय आणावे, जातीच्या दाखल्यासाठी काय आणावे, ज्येष्ठांच्या एसटी सवलतीसाठी काय आणावे, हे सारे वेगवेगळे लिहिले होते. आमच्या शेजारच्या काकू मोतीबिंदूच्या तपासणीला गेल्या त्या हे वार्तापत्र वाचूनच, आणि जाताना आधार कार्ड, रेशन कार्ड आणि रक्तातील साखरेचा ताजा अहवाल असे तिन्ही कागद घेऊन गेल्या, म्हणून त्यांना दुसरी खेप पडली नाही. कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाच्या आधी पोहोचवणे ही साधी गोष्ट आहे, पण आपल्याकडे ती दुर्मीळ आहे.

आता ज्यासाठी हे परीक्षण लिहायला घेतले त्या भागाकडे वळतो. ‘विधिमंडळात आपला आवाज’ या मथळ्याखाली पुस्तिकेत दोनच पाने आहेत. त्यांत आमदारांनी विचारलेल्या तारांकित प्रश्नांचे (ज्यांना सभागृहात तोंडी उत्तर मागितलेले असते) विषय, मांडलेल्या लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधून उत्तर मागणाऱ्या) आणि औचित्याचे मुद्दे (एखादा विषय सभागृहाच्या नजरेस आणणारे) यांची यादी आहे, सभागृहात बोलतानाचे एक छायाचित्र आहे आणि शेवटी ‘विविध विधेयकांवरील चर्चेत सक्रिय सहभाग’ अशी एक ओळ आहे.

प्रश्नांच्या यादीतही उत्तरे दिलेली नाहीत. आमच्या ग्रामीण रुग्णालयातील रिक्त पदांविषयीचा तारांकित प्रश्न यादीत आहे. त्याला काय उत्तर मिळाले ते मात्र नाही. विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांचे छापील कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्यांचा साचा ठाऊक असेल. पोटप्रश्न एकामागून एक येतात, ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास, चौकशीत काय आढळून आले’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’, आणि त्यांच्या खाली तितक्याच आखीव भाषेत उत्तरे येतात, ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. हा साचा रुक्ष वाटतो, पण मतदाराच्या दृष्टीने त्याइतके कामाचे दुसरे काही नाही, कारण मंत्री ज्या क्षणी ‘हे अंशतः खरे आहे’ असे लिहून देतात त्या क्षणी सरकारने तेवढी उणीव अधिकृतपणे मान्य केलेली असते. रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही म्हणून बाळंतिणीला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावे लागते, हे आम्ही कितीही ओरडून सांगितले तरी ती तक्रार राहते. मंत्र्यांच्या उत्तरात आले की तो दस्तऐवज होतो आणि ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत किंवा वर्तमानपत्रात त्याचा आधार घेता येतो. सभागृहात मंत्र्यांनी ‘करू’ म्हणून सांगितले असेल तर त्या शब्दाचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समितीही आहे. म्हणून प्रश्न विचारल्याचे सांगून थांबणे म्हणजे निम्मा हिशेब देणे होय. शिवाय एकाच प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावे असतात, तेव्हा आपल्या आमदारांनी प्रश्न स्वतः पुढे रेटला की इतरांच्या प्रश्नाला नाव जोडले, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवे.

लक्षवेधी सूचनेचा परिणाम किती दूरवर जाऊ शकतो याचे उदाहरण याच वर्षातले आहे. ९ जुलै २०२५ रोजी विधानसभेत एका लक्षवेधीला उत्तर देताना महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी तुकडेबंदी कायद्याच्या अटी शिथिल करण्याची घोषणा केली. शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडून विकण्याला मनाई करणारा हा १९४७ सालचा कायदा आहे आणि एक-दोन गुंठे जागा घेऊन घर बांधलेल्या आमच्याकडच्या शेकडो कुटुंबांच्या डोक्यावर त्याची टांगती तलवार होती. या घोषणेची बातमी गावात आली ती समाजमाध्यमांवरून, अर्धवट आणि अफवांसह. प्लॉट विकणारे दलाल दुसऱ्या दिवसापासून ‘आता काहीच अडचण नाही’ असे सांगत फिरू लागले. जुलैच्या वार्तापत्रात आमदारांनी घोषणा आणि प्रत्यक्ष कायदेबदल यांतला फरक समजावून सांगितला असता तर लोकांवर फार मोठे उपकार झाले असते. त्या महिन्याच्या वार्तापत्रात वृक्षारोपणाची नऊ छायाचित्रे होती.

मतांचा विषय याहून गंभीर आहे. पावसाळी अधिवेशन ३० जून ते १८ जुलै २०२५ या काळात मुंबईत झाले आणि त्यात महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक (बेकायदा कृत्ये करणाऱ्या संघटनांवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणारे) विधानसभेने १० जुलैला व विधान परिषदेने ११ जुलैला संमत केले. हे विधेयक पहिल्यांदा जुलै २०२४ मध्ये मांडले गेले होते, डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा आले आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे नागरिकांच्या आणि संघटनांच्या बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. समितीने मसुद्यात बदलही सुचवले; उदाहरणार्थ, तपास पोलीस उपनिरीक्षकाऐवजी किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असावा. म्हणजे हा कायदा महाराष्ट्रातल्या हजारो लोकांना बोलावेसे वाटले असा कायदा होता. माझ्या ओळखीतले काही जण त्याच्या बाजूचे आहेत, काही विरोधात आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना आपल्या आमदारांची भूमिका समजून घ्यायची होती. अहवालात या विधेयकाचे नावसुद्धा नाही.

येथे कोणी म्हणेल की विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले, तेव्हा कोणाचे मत कोणते याची नोंदच होत नाही. हे खरे आहे आणि ते समजून घेणे आवश्यक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८९ नुसार सभागृहाचे निर्णय उपस्थित असलेल्या व मत देणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतात. ते बहुमत मोजण्याची नेहमीची रीत अशी की पीठासीन अधिकारी प्रस्ताव मताला टाकतात, अनुकूल सदस्य ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल सदस्य ‘नाही’ म्हणतात आणि आवाजाच्या अंदाजाने निर्णय जाहीर होतो. कोणी मतविभाजन मागितले आणि ते मान्य झाले तरच डोकी मोजली जातात. बहुतेक विधेयकांवर ती वेळ येत नाही. सरकारचे भवितव्य पणाला लागते तेव्हा मात्र मोजणी हमखास आठवते. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने १६९ मते मोजली गेली, ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे सरकारच्या ठरावावर १६४ विरुद्ध ९९ अशी नोंद झाली, आणि १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस सरकारचा ठराव आवाजी मतदानाने संमत झाला तेव्हा मोजणी का नाही म्हणून मोठा वाद उठला. सरकार राहणार की जाणार या प्रश्नावर आपल्या आमदाराचे मत नोंदले जाते आणि आपले रोजचे जगणे ठरवणाऱ्या कायद्यांवर ते नोंदले जात नाही, ही स्थिती मतदाराच्या दृष्टीने उलटी आहे.

परंतु सभागृहात नोंद झाली नाही म्हणून आमदारांनी ती स्वतः सांगू नये असे कोठे आहे? जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी सभागृहात विरोध दर्शवला आणि मतमोजणी न होताही डहाणूच्या मतदारांना आपल्या प्रतिनिधीची बाजू कळली. ती बाजू पटणे न पटणे हा पुढचा प्रश्न आहे. आमच्या आमदारांनीही ‘मी या विधेयकाला पाठिंबा दिला, कारण अमुक’ किंवा ‘मी विरोध केला, कारण तमुक’ एवढे दोन ओळींत लिहिले असते तरी चालले असते. त्या दिवशी ते सभागृहात हजर होते का, हेही अहवालातून कळत नाही. वर्षभराच्या उपस्थितीचा आकडा कोठेच नाही.

दुसरा युक्तिवाद पक्षादेशाचा. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले आणि त्यानुसार पक्षाचा आदेश डावलून मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. हा आदेश कोणाचा मानायचा याविषयी सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी महाराष्ट्राच्याच सत्तासंघर्षाच्या प्रकरणात स्पष्ट केले की प्रतोद (सदस्यांना पक्षादेश बजावणारा पदाधिकारी) नेमण्याचा अधिकार मूळ राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. तेव्हा मत पक्षाच्या चौकटीतलेच असणार हे मतदारांना समजते. पण मतापूर्वी बरेच काही घडत असते. विधेयकावरील चर्चा असते, दुरुस्त्या सुचवता येतात, समितीपुढे आपल्या भागातल्या लोकांचे म्हणणे पोहोचवता येते, पक्षाच्या बैठकीत बोलता येते. संयुक्त समितीने मसुदा बदलला याचाच अर्थ असा की मताच्या आधी केलेल्या कामाला फळ येते. ‘पक्षादेशाप्रमाणे मत दिले, मात्र चर्चेत अमुक कलमाविषयी शंका मांडली’ असे लिहिणारा आमदार मला अधिक विश्वासाचा वाटेल.

पैशाच्या मतांविषयीही हेच. त्याच पावसाळी अधिवेशनात सरकारने ५७,५०९ कोटी ७१ लाख रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या. अर्थसंकल्प मार्चमध्ये मंजूर झाल्यावर तीन-चार महिन्यांत एवढी रक्कम पुन्हा का लागली, त्यातून आमच्या जिल्ह्यात काय येणार, कोणत्या विभागाच्या मागणीवर आमदार बोलले, त्यांनी कपात सूचना (मागणीतली रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव) दिली होती का, हे सारे त्या दोन पानांत बसले असते. गावातली मोरी आणि विधानभवनातली पुरवणी मागणी यांचा संबंध सर्वसामान्य माणसाला कोणी समजावून सांगत नाही. तो सांगण्याची योग्य जागा आमदाराचा अहवाल हीच आहे.

असा अहवाल अशक्य नाही, हे इतर सभागृहांकडे पाहिले की दिसते. लोकसभेत २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचे विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. ते घटनादुरुस्तीचे विधेयक असल्याने अनुच्छेद ३६८ नुसार विशेष बहुमत मोजावेच लागले, आणि विरोधातल्या दोन मतांपैकी एक तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचे होते हे त्या मतदारसंघातल्या प्रत्येकाला कळले. वक्फ दुरुस्ती विधेयकावर एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला लोकसभेत मध्यरात्रीनंतर २८८ विरुद्ध २३२ अशी मोजणी झाली, तेव्हा महाराष्ट्राच्या ४८ खासदारांपैकी आपला खासदार कोणत्या बाजूला होता हे शोधणे मतदारांना शक्य झाले. अमेरिकेत तर उपस्थित सदस्यांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागणी केली की प्रत्येकाचे मत कामकाजाच्या नोंदवहीत लिहिलेच पाहिजे, असे तिथल्या राज्यघटनेतच म्हटले आहे. बेळगावहून तिकडे गेलेले श्री ठाणेदार जानेवारी २०२३ पासून मिशिगनमधून तिथल्या प्रतिनिधीगृहाचे सदस्य आहेत. नावानिशी मतदान झालेल्या कोणत्याही विधेयकावर त्यांनी काय मत दिले ते डेट्रॉइटचा मतदार घरबसल्या पाहू शकतो. आपल्या मराठी माणसाच्या मतांची नोंद तिकडच्या मतदाराला मिळते आणि आम्हाला आमच्या तालुक्याच्या आमदाराचे मत कळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुंबईतील मतदारांची स्थिती थोडी बरी आहे. प्रजा फाउंडेशन ही संस्था शहरातल्या आमदारांची उपस्थिती, त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची संख्या व दर्जा यांचे प्रगतिपुस्तक प्रसिद्ध करते, आणि त्यामुळे मुंबईच्या आमदाराने स्वतः काही सांगितले नाही तरी बाहेरून तपासणी होते. आमच्यासारख्या तालुक्यांत आमदारांचा स्वतःचा अहवाल हाच जवळजवळ एकमेव आधार असतो. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर विधेयके आणि कामकाजाची कागदपत्रे पाहता येतात, अधिवेशनाचे थेट प्रक्षेपणही असते, पण शेतातून किंवा कारखान्याच्या पाळीवरून दमून आलेल्या माणसाने ती कागदपत्रे चाळावीत अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

छपाई आणि मांडणीविषयी दोन-तीन गोष्टी. कागद आणि छायाचित्रे उत्तम आहेत, शुद्धलेखन बरेच सांभाळले आहे, गावांची नावे वर्णानुक्रमाने असल्याने आपले गाव लगेच सापडते. तक्त्यांतला टाइप मात्र फारच बारीक आहे आणि ज्येष्ठांना तो भिंगाशिवाय वाचता येत नाही. पुस्तिकेवर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव नाही, छपाईचा खर्च कोणी केला तेही नाही. निवडणुकीच्या पत्रकांवर मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापणे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७अ नुसार बंधनकारक आहे. हा अहवाल निवडणुकीचे पत्रक नव्हे, तरी कोट्यवधींचा हिशेब देणाऱ्या पुस्तिकेने स्वतःच्या खर्चाचीही एक ओळ द्यावी. व्हॉट्सॲपवरचे वार्तापत्र चित्ररूपात येते, त्यामुळे त्यातला मजकूर शोधता येत नाही आणि दृष्टिहीन व्यक्तींना तो मोबाइलवर ऐकता येत नाही. हा दोष कार्यालयातल्या कोणालाही एका दिवसात दूर करता येईल.

एकंदर मी या अहवालाला पाचपैकी तीन गुण देतो. विकासकामांचे तक्ते आणि शिबिरांच्या पूर्वसूचना यांसाठी हे तीन गुण पूर्ण मनाने दिले आहेत, आणि मतदारसंघातील प्रत्येकाने पुस्तिकेतले आपल्या गावाचे पान जपून ठेवावे, कारण पुढच्या वर्षीच्या अहवालाशी ते ताडून पाहता येईल. उरलेले दोन गुण सभागृहाच्या पानांसाठी राखून ठेवले आहेत. पुस्तिकेच्या शेवटी अभिप्रायाचा कागद जोडलेला आहे. तो भरून मी जनसंपर्क कार्यालयात दिला आहे. त्यात मी एवढेच मागितले आहे की येत्या अर्थसंकल्पीय अधिवेशनानंतरच्या वार्तापत्रात उपस्थितीचे दिवस, विचारलेल्या प्रश्नांना मिळालेली उत्तरे आणि संमत झालेल्या प्रत्येक महत्त्वाच्या विधेयकापुढे ‘बाजूने’, ‘विरोधात’ किंवा ‘गैरहजर’ यांपैकी एक शब्द आणि त्याचे कारण द्यावे. कागद घेणाऱ्या ताईंनी तो माझ्यासमोर वाचला, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि पोच दिली. ज्यांना हीच मागणी करायची आहे त्यांनी कार्यालयात जाऊन तो कागद मागून घ्यावा. पुस्तिका मिळाली नसली तरी सुटा कागद तेथे मिळतो.